उपवासाचं जंतुनाशक

वेम्बली, शुक्रवार

प्रिय उल्कामावशी,

मिठाच्या पाण्यात वीज सोडून तयार केलेलं जंतुनाशक उपवासाला चालतं का? आपल्या घरातली पहिली पदवीधर मी, तीही रसायनशास्त्राची. पण मला याचं उत्तर देता येत नाही. तुला नमस्कार. तुझे गुडघे आणि काकांचा खोकला कसा आहे ते कळव. मी मजेत आहे, म्हणजे कालपासून.

इथल्या मंडळाच्या हॉलमध्ये दर गुरुवारी एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना जेवण असतं. गेल्या महिन्यात सगळ्यांची पोटं बिघडली आणि स्वयंपाकघर नीट निर्जंतुक होईपर्यंत कमिटीने जेवण बंद केलं. (शशीआजोबा, वय चौऱ्याऐंशी, तेव्हापासून टोस्टवर होते.) मी उत्साहाने आमच्या ऑफिसचं मशीन नेलं. मीठ, पाणी, वीज, आणि थोड्या वेळात हायपोक्लोरस अ‍ॅसिड तयार. ओटा स्वच्छ, हाताची आगही होत नाही. कमिटीच्या आशाताई ‘अ‍ॅसिड’ ऐकूनच दोन पावलं मागे सरल्या. मी समजावलं, की जंतू मारायला आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी हेच बनवतात. “माझ्या नाही बनवत,” त्या म्हणाल्या, “माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत.”

तीन मीटिंगांनंतर (त्यातली एक फक्त प्लग कुठे लावायचा यावर) परवानगी मिळाली, आणि पहिलाच गुरुवार नेमका एकादशीचा निघाला. खिचडीचा ओटा साध्या मिठाने पुसायचा? आशाताईंनी मला न विचारता, अगदी श्रद्धेने, मशीनमध्ये सैंधव घातलं. त्यातल्या क्षारांचा आतल्या पट्ट्यांवर पांढरा थर बसला आणि लाल दिवा लागला. शशीआजोबा म्हणाले, “मशीनचाही उपास दिसतोय. मोडू नका गं त्याचा!” पण त्यांची नजर न पेटलेल्या गॅसवर होती. मी मशीन रिकामं करून धुतलं, पट्ट्या व्हिनेगरने साफ केल्या. तरी साधं मीठ घालू द्यायला आशाताई तयार होईनात. म्हणे, गावाकडच्या गुरुजींनी सांगितलं तरच.

तुझी,
स्वराली

ता. क. तर कऱ्हाडला तुझ्या शेजारच्या वझे गुरुजींना विचारशील का? रसायनशास्त्र समजावत बसू नकोस. ‘अ‍ॅसिड’ हा शब्द तर काढूच नकोस.

ता. क. २. खरं म्हणजे विचारू नकोस, त्यांना नुसतं कळव. त्यांचा फोनवर होकार आल्याचं मी कालच सगळ्यांना सांगितलं, साधं मीठ घातलं, आणि शशीआजोबांनी खिचडी तीनदा घेतली.