कोरा रकाना

नेरूळ,
रविवार सकाळ

प्रिय ऋता,

पत्र बघून दचकू नकोस. सुयश ठणठणीत आहे, माझं बीपी जागेवर आहे आणि गॅलरीतला पाइप गळत होता तो अजून गळतोच आहे. मग फोन करायला काय झालं होतं, असं तू म्हणशील. फोनवर मी तुला पुरतं बोलू देत नाही आणि स्वतःही मुद्द्यावर येत नाही. पाणी कधी आलं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोण कुणावर ओरडलं, असं काहीबाही बोलून ठेवून देतो. या वेळी तसं करून चालणार नाही. पुढच्या सोमवारी सुयशचा फॉर्म शाळेत द्यायचा आहे, आणि त्याआधी तुला काही सांगायलाच हवं.

फॉर्म कसला ते आधी सांगतो. सुयशला नोव्हेंबरात अठरा पूर्ण झाली. मार्चअखेर त्याची शाळा संपते. तुझी आई होती तेव्हा 'शाळा संपल्यावर' हा विषय घरात कुणी काढायचा नाही असा न लिहिलेला नियम होता. ती जाऊन चार वर्षं झाली, पुढच्या मे महिन्यात मी रिटायर होईन, तरी तो नियम मी इमानेइतबारे पाळला. ज्या मुलाला वाक्य जुळवायला वेळ लागतो, वीसच्या पुढचे आकडे ज्याच्या हातून निसटतात, तो एक एप्रिलला सकाळी उठून कुठे जाणार, हे मी स्वतःला कधी विचारलंच नाही. विचारलं त्याच्या संघमित्रा मॅडमनी. तुझ्याहून फार तर दोन वर्षांनी मोठी असेल पोरगी. हळू बोलते, पण हट्टात तुझ्या आईला मागे टाकेल. शाळा सोडणाऱ्या प्रत्येक मुलाचा ती 'पुढचा आराखडा' करते. काम काय करणार, राहणार कुठे, आईबापांनंतर सोबत कोण. चार पानी फॉर्म, आणि तो भरण्यासाठी सभा. सभेत मूल टेबलाच्या मुख्य खुर्चीत बसतं. त्याला प्रश्न विचारला की बाकी कुणी तोंड उघडायचं नाही. मॅडम मनातल्या मनात दहा आकडे मोजतात. उत्तर नाही आलं तर पुन्हा दहा.

आता तुझा बाप कोण? बेलापूरच्या सरकारी ऑफिसात तेहतीस वर्षं आस्थापना शाखेत बसलेला माणूस. रकाना कोरा ठेवायचा नाही, लागू नसेल तिथे 'निरंक' लिहायचं, हे आमच्या हाडात मुरलंय. कोरा रकाना दिसला की फाइल परत आलीच म्हणून समज. मी फॉर्म घरी आणला आणि सभेच्या आधीच चारही पानं सुवाच्य अक्षरात भरून टाकली. कामापुढे 'निरंक'. 'विद्यार्थ्याची स्वतःची इच्छा' या रकान्यात 'पालकांचा निर्णय मान्य'. शेवटच्या पानावरही एक रकाना होता, त्याचं नंतर लिहितो. मॅडमनी पहिली दोन पानं वाचली आणि म्हणाल्या, "काका, हा तुमचा फॉर्म झाला. सुयशचा कुठंय?" मी म्हणालो, त्याला काय कळतंय त्यातलं. सुयश मुख्य खुर्चीत बसून ऐकत होता. तेव्हा मला लाज वाटली नाही, हे मुद्दाम लिहितो. मला राग आला.

मॅडमनी 'निरंक'वर सरळ रेघ मारली. त्यांनी बेलापूरच्या एका हॉस्पिटलात बोलून ठेवलं होतं. तिथे धुऊन आलेल्या चादरींच्या घड्या घालायचं काम असतं. आईने त्याला घड्या घालायला शिकवल्या होत्या ते आठवतं ना? तुझ्या कपाटातले कपडे विस्कटून पुन्हा लावायचा आणि तू किंचाळायचीस. काम त्याला पहिल्याच दिवशी जमलं. अडचण होती ती येण्याजाण्याची. सलग तीन दिवस नऊच्या आत, एकट्याने बसने यायचं, मगच सहा महिन्यांसाठी ठेवू, असं हॉस्पिटलने सांगितलं. पंधरा दिवस शाळेचा माणूस त्याच्यासोबत गेला. आधी शेजारच्या सीटवर, मग मागच्या, मग अगदी शेवटच्या. सोळाव्या दिवशी एकट्याने. मला मॅडमनी हात जोडून सांगितलं की काका, तुम्ही यायचं नाही.

मी गेलो. टोपी घालून, तोंडाला मास्क लावून, मागच्या दाराने चढलो. सुयश पुढे खिडकीशी, गळ्यात कार्ड, मांडीवर डबा. ऋता, मी त्याची मान बघत बसलो होतो. इतकी वर्षं तो माझा हात धरून चालला, त्याला मागून असा कधी बघितलाच नव्हता. सीवूड्सच्या आसपास त्याने सहज मागे वळून पाहिलं. मला वाटलं ओळखलं. मी घाबरून उठलो, दारात गेलो, पुन्हा मागे सरकलो. कंडक्टर वैतागला, "ओ काका, उतरायचंय का बसायचंय, नक्की करा ना!" मी उतरलो. आणि लहानपणापासून मीच त्याला काय शिकवलंय? बाबा उतरले की आपणही उतरायचं. त्याने मला ओळखलंच होतं, पुढच्या दाराने तोही उतरला. मी हे पाहिलं नाही. मी खाली मान घालून एका टपरीआड जाऊन उभा राहिलो होतो. बस टपरीवरून पुढे गेली तेव्हा पाहिलं तर त्याची खिडकी रिकामी. जागा बदलली असेल म्हणून मी ती चौकापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो.

पुढचा तास कसा गेला ते मला नीट लिहिता येणार नाही. मी स्टॉपकडे धावलो, तर तो तिथे नाही. चौकात गेलो, मॉलच्या गेटवर विचारलं, रिक्षावाल्यांना मोबाइलमधला फोटो दाखवला. रस्ता ओलांडताना एका बाइकवाल्याने मला शिव्या घातल्या त्या बरोबरच होत्या. मनात फक्त एकच चाललं होतं की आता ऋताला काय सांगू. शेवटी हॉस्पिटलला फोन लावला. तिथल्या सखूबाईंनी उचलला. इथल्याच जुन्या गावातल्या आहेत, चादरींचा विभाग त्याच बघतात. म्हणाल्या, "तुमचा पोरगा? त्यो कवाचा इथं हाय. घड्या घालतंय. तुमीच कुटं तरी बसा नि पानी प्या आधी."

त्याला शिकवलं होतं, चुकलो तर स्टॉप सोडायचा नाही, त्याच नंबरची पुढची बस घ्यायची. मी टपरीआडून चौकाकडे तोंड करून उभा होतो तेव्हा तो स्टॉपवर उभा होता. मागची बस लगेच आली, तो चढला आणि निघून गेला, पण ती बस पुढे वाटेत रखडली. नऊला दहा मिनिटं कमी असताना पोचायचा, तो नऊ वाजून दहा मिनिटांनी पोचला. माझ्यामुळे दिवस बाद झाला. हरवलो होतो तो मी.

मॅडमनी मला दोन शब्द ऐकवले ते इथे लिहीत नाही. पण त्यांनी हॉस्पिटलकडून पुन्हा तीन दिवस मागून घेतले. ठरलं असं की मी माझ्या टेबलावर बसायचं, सुयशने पोचल्यावर एक मिस्ड कॉल द्यायचा. पहिल्या दिवशी आठ बावन्नला आला. दुसऱ्या दिवशी आठ पन्नासला. तिसऱ्या दिवशी नऊ वाजले, नऊ दहा झाले, काही नाही. ऑफिसातले दिनानाथराव म्हणाले, अहो जाऊन या, मी साहेबांना सांगतो. हॉस्पिटल माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर आहे. मी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून बसलो. उठलो नाही, ऋता. मी कधी कुणाला हे सांगणार नाही, पण माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि समोरच्या फाइलीवर पडलं. नऊ बावीसला रिंग वाजली. गडी पावणेनऊलाच पोचला होता, चादरींचा मोठा ढीग समोर आला म्हणून फोनचं विसरला होता.

त्याला काम मिळालं. एक एप्रिलपासून. पेढे इथल्या सगळ्या मजल्यांवर त्याने स्वतः वाटले, आणि ज्यांनी दार उघडायला उशीर लावला त्यांच्याकडे पुन्हा गेला.

गेल्या बुधवारी दुसरी सभा झाली. मी जीभ दातांखाली धरून बसलो. टेबलावर मॅडमनी फोटो मांडले होते. मी, तू, त्याचा वर्गातला मित्र आकाश, आपलं घर. मॅडमनी विचारलं, पुढे कुणासोबत राहायचं? तो लगेच म्हणाला, बाबा. मग त्यांनी हळूच विचारलं, बाबा खूप म्हातारे झाले की? दहा आकडे गेले. आणखी दहा गेले. मी उत्तर द्यायला तोंड उघडणार, एवढ्यात त्याने आकाशचा फोटो घराच्या फोटोवर ठेवला. "आकाश आणि मी." मॅडम म्हणाल्या, आणि ताई? त्याने तुझा फोटो उचलला, बराच वेळ बघितला. "ताई दिवाळीला. ताई लाडू आणते." मग तो फोटो शर्टच्या खिशात ठेवला आणि शेवटपर्यंत परत दिला नाही.

आता शेवटचं पान. तिथे रकाना आहे, 'पालकांच्या पश्चात जबाबदार व्यक्ती', आणि खाली त्या व्यक्तीची संमतीची सही. सुयश खिशावर हात ठेवून बसला असताना मॅडमनी ते पान उलटलं आणि म्हणाल्या, ताईंची सही आहे, छान, पद्धतीप्रमाणे मी एकदा त्यांच्याशी बोलून घेते. ऋता, ती सही मी केली होती. तुझ्या कॉलेजच्या जुन्या फॉर्मवर बघून, तीन वेळा रफ कागदावर गिरवून. तेहतीस वर्षांत दुसऱ्याची सही केली नाही, ती पहिली तुझी केली. जानेवारीत तू फोन करून विचारलंस, बाबा, मी आणि आशुतोष जर्मनीला गेलो तर सुयशचं काय, आणि मी म्हणालो, तू निर्धास्त जा, सगळी व्यवस्था झालीये. ती व्यवस्था म्हणजे तू होतीस. तुला न विचारता मी तुझं सगळं आयुष्य एका रकान्यात बसवलं, आणि वर तुला निर्धास्त राहायला सांगितलं. गुरुवारी मी मॅडमना खरं सांगितलं. त्यांनी ते पान फाडलं, नवीन दिलं. मी म्हणालो, नाव नकोच तिचं. तर म्हणाल्या, "काका, न विचारता 'हो' लिहिलंत. आता न विचारता 'नाही' पण लिहिणार?" म्हणून येत्या शुक्रवारी त्या तुला फोन करतील आणि विचारतील. तू काय म्हणावंस, हे या पत्रात मी कुठेही लिहिलेलं नाही. उत्तराला वेळ लागला तर लागू दे, त्या थांबतात, मीही आता थांबायला शिकतोय. नाही म्हणालीस तरी दिवाळीला ये. तो रकाना माझ्यासमोर टेबलावर आहे. मी त्यात 'निरंक'सुद्धा लिहिलेलं नाही.

तुझाच,
बाबा