बरणीतल्या खेकड्याचं जेवण

अप्पा,

मी ऑफिसला निघाले. देवळातून आलात की आधी हे वाचा, मग चहा घ्या.

काल तुम्ही विश्वजीतच्या फिशटँकमध्ये हात घालून पकडलेला खेकडा ओट्यावर काचेच्या बरणीत आहे. तो कालवणासाठी नाही. हसू नका, तुमचा भरवसा नाही. कालव्यातही सोडायचा नाही. समुद्रातला जीव आहे, गोड्या पाण्यात मरेल. टँकसाठी आणलेल्या दगडात लपून आलेला हा खेकडा कुठल्या जातीचा, ते अजून कुणालाच सांगता येईना. विश्वजीतने फिशटँकवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकलेत. उत्तर येईपर्यंत मुक्काम बरणीतच.

दुपारी त्याला कोळंबीचा तांदळाएवढा तुकडा द्या. पाणी टँकमधलंच वाटीने बदला, नळाचं मुळीच नको. उद्या-परवाही हे तुम्हालाच बघावं लागेल, आम्ही दोघं दिवसभर घरी नसतो.

तुमच्या हाताने मोडलेली ती पोवळ्याची फांदी पुन्हा चिकटवता येते, असं विश्वजीतच सकाळी म्हणाला. तुमच्यासमोर मात्र तोंड उघडेना. खेकडा पकडायला तो महिनाभर हातात चिमटा घेऊन टँकपाशी बसला होता आणि तुम्ही एका झटक्यात धरलात, त्याला खरा राग याचा आहे.

लोणीला आक्कांकडे जायला तुम्ही भरून ठेवलेली पिशवी मी रिकामी केली. कपडे सगळे धुवायला टाकलेत, ओले आहेत. आक्कांनाही फोन करून कळवलंय, अप्पांना सध्या सवड नाही.

निशा