गोलकीपर चुकली तेव्हा

ती. आई,

नमस्कार आधी, गप्पा मग. घसा बसलाय म्हणून फोनऐवजी पत्र. आजारी नाही, ओरडून बसलाय. आपल्या देशाच्या सतरा वर्षांखालच्या मुली फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोचल्या!

सामन्याला सगळं ऑफिस निघालं, फक्त आमचे नकाशे काढणारे काका नाही म्हणाले. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "आपल्याच पोरी आहेत काका, इतके कसे हो कोरडे तुम्ही?"

"पोरी आहेत म्हणूनच. चुकल्या की तुम्ही त्यांना फाडून खाता, मला बघवत नाही."

मी हसले. आणि मैदानात गोलकीपरच्या हातून चेंडू निसटला तेव्हा "काढा हिला बाहेर" असं सर्वांत आधी मीच ओरडले. तिने वळून आमच्याकडे पाहिलं. पुढे तिनेच पेनल्टी अडवली, आपण जिंकलो, मी तर नाचले. पण तिचं ते बघणं डोळ्यांसमोरून हलेना.

आज सगळ्यांदेखतच काकांची माफी मागितली. शुक्रवारी उपांत्य सामन्याला ते येताहेत, एका अटीवर: ती चुकली की पहिली टाळी मी वाजवायची.

तुझा गुडघा कसा आहे? शुक्रवारी टीव्ही लावा. बाबा तिला बोल लावू लागले, तर हे पत्र त्यांच्या हातात दे.

तुझी,
धाकटी