आल्माचा ओढा

लाल कोठार, उत्तर टोक, नेब्रास्का
१२ मार्च १९५८

चि. आल्मास, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू काउंटीचा इतिहास लिहितेयस हे चर्चमध्ये पाद्र्यांच्या बायकोकडून कळलं. तुझं कौतुक तिने माझ्याच तोंडावर केलं आणि मला हसावं लागलं.

पण नकाशात आमच्या शेताजवळ ‘आल्माचा ओढा’ छापणार आहेस म्हणे! सहा वर्षांची असताना पातळ बर्फावर नाचायला गेलीस आणि बुडालीस. ओढ्यातून ओढून काढलं मी, नाव लागलं तुझं! लग्न करून तू कोर्टाच्या गावी, केल्सोला गेलीस. त्या ओढ्याचे पूर, चिखल, वाहून गेलेली वासरं माझ्या वाट्याला आली. सरळच सांगते, माझा जळफळाट होतो. ते नाव छापू नकोस.

तुझा भावजी एनार बरा आहे. माया कमी झालेली नाही, राग तेवढा वाढलाय.

तुझी ताई,
बोर्गहिल्ड

केल्सो
२० मार्च १९५८

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले. रेल्वे दक्षिणेकडून गेली म्हणून आमचं अख्खं केल्सो, घरं ओंडक्यांवर घालून, रुळांपाशी ओढत आणलं, कोर्टासकट, ते इतिहासातलं प्रकरण परवा लिहून संपवलं. सगळ्यांच्या जमिनींचा इतिहास लिहिते, माझी वीतभरही नाही. बाबांनी मातीची ढेकळं रचून घर बांधलं ते शेत तुला मिळालं. आई शेवटी तुझ्याच हातचं जेवली, मला तिने ओळखलंही नाही. जळणारी तू एकटीच आहेस असं समजू नकोस.

तू काठाने माझं नाव ओरडत धावलीस म्हणून ओढ्याला ते पडलं, असं म्हातारे सांगतात. असो. तेही घे. ‘बोर्गहिल्डचा ओढा’ असं छापायला दिलंय. लोकांच्या जिभेला गाठ पडली तर मला बोलू नकोस.

भावजींना नमस्कार. रागावूनही लोभ करता येतो, तो करावा.

तुझी,
आल्मा

लाल कोठार
९ नोव्हेंबर १९५८

चि. आल्मास, अनेक आशीर्वाद. वि. वि.

नकाशा आला. माझं नाव बघून मी हवेतच होते. पाद्र्यांच्या बायकोला मुद्दाम दाखवून आले.

मंगळवारी एनारच्या छातीत कळ आली. तुमच्याकडच्या नव्या डॉक्टरला फोन करून रस्ता सांगितला, की आल्माचा ओढा ओलांडला की लाल कोठार दिसेल. बिचाऱ्याने तुझा नकाशा मांडीवर घेतला आणि नसलेला ओढा शोधत काउंटी पालथी घातली. तो येईपर्यंत एनार काळानिळा पडला होता. वाचला. आता उशीला टेकून लापशी खातो आणि म्हणतो, स्वतःचं नाव विसरणारी बायको फक्त त्यालाच मिळाली.

जीव टांगणीला लागला तेव्हा माझ्या तोंडून तुझंच नाव निघालं, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. नकाशा परत छापाल तेव्हा ओढ्याला तुझंच नाव घाल. मी जळते आहे, जळत राहीन. पण माझ्या माणसाकडे यायचा रस्ता तुझ्याच नावाने सापडतो, त्याला मी काय करू?

नाताळला ये. भांडण समोरासमोर करू.

तुझी, आणि ओढ्याची नकाशापुरतीच,
बोर्गहिल्ड