बाल्कनीतला सूर्य

३ नोव्हें., सोम.
उरणजवळच्या द्रोणागिरीतल्या टॉवरचं जाहिरातीचं चित्र, बाल्कनीचं, अखेर पास झालं. सातवा करेक्शन राउंड. बिल्डरकडचा मार्केटिंगवाला निखिल फोनवर: "मॅडम, थोडं अजून गोल्डन करा ना. संध्याकाळ फील झाली पाहिजे." नाहीतर म्हणे एआयकडून करून घेऊ. म्हटलं, घ्या.

केलं गोल्डन. सॉफ्टवेअरमध्ये गाव, तारीख, वेळ भरली की सूर्य आपोआप आपल्या जागेवर जाऊन बसतो. मग आम्ही त्याला तिथून उठवतो. फाइलमधली उत्तर दिशेची खूण धरायची आणि फिरवायची, सूर्य गुमान मागे येतो. सगळेच स्टुडिओ करतात. खरी बाल्कनी उत्तरेला आहे, समोर कंटेनर यार्ड. माझ्या चित्रात ती पश्चिमेला आहे आणि समोर पाणी.

पण चित्र झालंय झकास. रेलिंगची सावली टाइल्सवर, चहाच्या कपाची सावली टेबलावर. कपाच्या काठाला चहाचा एक ओघळ ठेवलाय, तो कुणालाच दिसणार नाही. मला दिसतो.

१२ नोव्हें., बुध.
होर्डिंग लागलं. अजित सरांनी (स्टुडिओ त्यांचा, आम्ही चौघं त्यांचे) फोटो ग्रुपवर टाकला. माझी बाल्कनी तीन मजली उंच. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'केवळ कल्पनाचित्र'. माझं नाव अर्थातच नाही. अकरा वर्षांत कधीच नव्हतं.

आईला फोटो दाखवला. ती लगेच सगळ्यांना पाठवत सुटली.

२२ नोव्हें., शनि.
आईकडून कळलं. नसीमबाईंनी त्या टॉवरमध्ये बुकिंग केलं. नवव्या मजल्यावर, तीच बाल्कनी.

नसीमबाई म्हणजे उरणच्या शाळेतल्या माझ्या चित्रकलेच्या बाई. आता अडुसष्टच्या. बाबा बंदरात नोकरीला होते तेव्हा आम्ही उरणलाच राहायचो. पाचवीपासून दहावीपर्यंत बाईंचा एकच हट्ट: कागदाच्या कोपऱ्यात आधी छोटं वर्तुळ आणि बाण काढायचा. सूर्य कुठे आहे ते ठरवायचं, मगच घर काढायचं, मगच झाड. वर्तुळ नसेल तर चित्र परत.

बाईंचं घर मोरा गावात, उरणच्या खाडीकाठी; ते भावांच्या वाटणीत निघालंय. त्या घराच्या ओट्यावरून सूर्य थेट खाडीपलीकडे बुडताना दिसतो. नवरा गेल्यापासून रोज तिथेच बसून रंगवतात. घर सोडेन तर मावळती दिसेल अशाच ठिकाणी जाईन, हे त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आणि आईने पाठवलेलं माझं चित्र पाहिलं.

आई म्हणाली, "मी त्यांना बोलले, एकदा जाऊन बघून या. तर त्या काय बोलल्या माहित्ये? रंजनाने काढलंय ना, मग बघायचं काय त्यात."

आई हे अभिमानाने सांगत होती. मला जेवण गेलं नाही.

२३ नोव्हें., रवि.
साइटवर गेले. अकरा वर्षं झाली, पण माझ्या चित्रातल्या जागेवर स्वतः जाऊन उभी राहण्याची ही पहिली वेळ. फोनमधलं होकायंत्र काढलं. बाल्कनी उत्तर. समोर कंटेनर पाच-पाच मजले रचलेले, ट्रेलर रिव्हर्स घेतायत त्याचा पीपी आवाज. थंडीचे चार महिने या भिंतीवर उन्हाचा एक कवडसा पडणार नाही. मे-जूनमध्ये पडेल, नको तेव्हा.

तिथून मोऱ्याला. बाईंनी माझं चित्र प्रिंट करून कपाटाच्या दाराला चिकटवलंय. रंगांचं टेबल रेलिंगच्या डाव्या बाजूला ठेवावं की उजव्या, हे मला विचारत होत्या. पेन्सिलीने चित्रावर जागासुद्धा आखून ठेवलीय.

"डावीकडे ऊन डोळ्यांवर येईल ना ग?"

मी म्हटलं, हो, येईल.

हो येईल! असं म्हणाले मी. त्यांच्या ओट्यावर, त्यांच्या हातचं घावन खाऊन. स्वतःच्या थोबाडीत मारावी असं वाटत होतं आणि अजून वाटतंय.

२४ नोव्हें., सोम.
सरांना सांगितलं.

"रंजना, खाली लिहिलेलं असतं ना. कस्टमर शहाणा असतो."
"माझ्या बाई शहाण्याच आहेत, सर. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला."
"मग त्यांना खासगीत सांग. कॅन्सल करतील. विषय संपला."

विषय संपला म्हणे. आणि आठव्या मजल्यावरच्यांना कोण सांगणार? दहाव्या? त्यांची कुणी रंजना ओळखीची नाही म्हणून त्यांनी कंटेनरकडे तोंड करून चहा प्यायचा का?

सर वाईट माणूस नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण आज मला तो फार वाईट वाटला.

२६ नोव्हें., बुध.
लंच ब्रेक आणि रजेचा अर्धा दिवस. केलं.

तोच कॅमेरा, त्याच टाइल्स, तोच कप, तोच ओघळ. फक्त उत्तरेची खूण मुळात होती तिथे परत नेऊन ठेवली. डिसेंबर, दुपारचे साडेचार. समोर पाणी काढून साइटवर ड्रोनने घेतलेला खरा फोटो लावला, जो बिल्डरनेच दिला होता आणि आम्ही झाकला होता.

कॉम्प्युटरने चित्र रेंडर करून दिल्यावर बघत बसले. ऊन नाही. करडा, थंड, सगळीकडे सारखा उजेड. कंटेनरांचे गंजके लाल आणि निळे. इतकं खरं काम मी कधी केलं नव्हतं. हातचलाखी सगळी तीच, फक्त या वेळी कुणाला फसवायला वापरली नव्हती.

कोपऱ्यात वर्तुळ आणि बाण काढला. चित्रात सूर्य इमारतीच्या मागे आहे, म्हणून बाण पाठीमागून. खाली पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट.

२८ नोव्हें., शुक्र.
बाईंना पाठवलं. पाच मिनिटांत फोन.  

"सावल्या बरोबर आहेत."
"हो बाई."
"आधीचं कुणी काढलं होतं?"
"मीच."
"त्यावर नाव का नव्हतं?"

 त्यांनी फोन ठेवला. रागावून नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं, तोंड धुतलं, परत येऊन कुणाच्या तरी लॉबीला इटालियन मार्बल लावला.

१ डिसें., सोम.
बाई एकट्या सेल्स ऑफिसला जाऊन आल्या. बुकिंग कॅन्सल करायला गेल्या असतील असं मला वाटलं होतं. नाही. माझं दुसरं चित्र प्रिंट करून घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, करारनाम्याला हे जोडा. मग पुढचं बोलू. सही-शिक्का मारून जोडा.

दोन तास बसल्या. शेजारी जो येईल त्याला चित्र दाखवत होत्या.

अकरा वाजता निखिलचा फोन सरांना, सरांची हाक मला.

"हे बाहेर कुणी दिलं?"
"मी. खाली नाव आहे माझं."
"फाइल स्टुडिओची आहे, रंजना."
"फाइल स्टुडिओची, सर. खोटं माझं. ते मी परत घेतलं."

 सर म्हणाले, चार घरं चालतात या क्लायंटवर, तुझंही त्यात आहे. हे खरं आहे आणि ते मला बोचलं. मग एक पत्र पुढे केलं. बिल्डरकडून आलेलं. 'सदर दुसरे चित्र ही माझी वैयक्तिक कल्पना असून प्रकल्पाच्या वास्तवाशी त्याचा संबंध नाही.' खाली माझं नाव टाइप केलेलं, सहीसाठी रेघ.

म्हणजे पाण्याचं चित्र ते वास्तव आणि कंटेनरचं ती माझी कल्पना! चोराच्या उलट्या बोंबा. गुरुवारी अकराला मीटिंग आहे, सही करून आण म्हणाले.

संध्याकाळी बाईंना विचारलं, फ्लॅट खरंच घेणार आहात का. म्हणाल्या, "उत्तरेचा उजेड चित्रांना वाईट नसतो. दिवसभर सावली हलत नाही. पण चालेल की नाही ते मी ठरवीन. त्यांनी माझ्या वतीने ठरवायचं नाही." लगेच पुढे: "आणि तूही नाही."

घाव वर्मी बसला. बसू दे.

३ डिसें., बुध.
पत्र तीन दिवस पर्समध्ये. आईला वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकलं, मेथी निवडणं काही थांबवलं नाही.

"कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? सही करू नको. पण नोकरी गेली तर घरी बसून मला मीठ किती घालायचं ते शिकवायचं नाय."

सरांचा मेसेज: उद्या प्लीज शांतपणे घे. मी शांतच आहे. अकरा वर्षांत इतकी कधी नव्हते. 

दुपारी बाईंचा मेसेज. सेल्स ऑफिसात भेटलेल्या दोन घरांनी माझा नंबर मागितला. बी विंग, सहावा आणि अकरावा मजला. त्यांच्या माहितीपत्रकातल्या नकाशाचा फोटोही पाठवलाय. 'आमच्या बाजूला काय दिसेल ते मॅडम काढून देतील का, विचारतायत. मी हो म्हटलंय. तुला न विचारता म्हटलं, त्याबद्दल रागव.'

नाही रागावले. स्टुडिओच्या फाइलला आता हात लावायचा नाही, पण नकाशा आहे, होकायंत्र आहे, पेन्सिल आहे. कच्चं काढायला कागद शोधत होते. घरात कोरा कागद मिळेना.

पर्समधलं पत्र काढलं. मागची बाजू कोरी होती. कोपऱ्यात आधी वर्तुळ काढलं, मग बाण. आता बी विंग.