कुंदाच्या पोटात गहू जाता कामा नये

१२ जानेवारी १९५८, रविवार. बारामती.
पुण्याहून परत. अखेर निदान झालं. कुंदाला गहू सोसत नाही. डॉक्टर विलायतेत शिकून आलेला, वयाने माझ्याहून लहान, पण बोलणं ठाम. पाच वर्षांची पोर, हातापायांच्या काड्या, पोट तेवढं नगाऱ्यासारखं, दोन वर्षं हगवण. आम्ही दृष्ट काढली, तेल चोळलं, जंताची औषधं दिली. हा म्हणतो, गव्हातला चिकट भाग तिच्या आतड्याला विष आहे. औषध नाही. गहू बंद, एक कणसुद्धा नको. होळीपर्यंत वजन वाढलं नाही तर... पुढचं इंग्रजीत बोलला. मला इंग्रजी येतं. मंदाकिनीला अर्थ सांगितला नाही.
आजचं वजन सव्वीस रत्तल.
निश्चय: अंमलबजावणी माझ्याकडे. मंदाकिनी हळवी आहे. आईला मुलाचं रडवेलं तोंड बघवत नाही. मी कालव्याच्या ऑफिसात हेडक्लार्क. शिस्त अंगात मुरलेली.

१३ जानेवारी
नवी वही सुरू केली. दोन रकाने: चालेल, चालणार नाही. तांदूळ, ज्वारी, बाजरी, वरी डावीकडे. गहू, रवा, मैदा, शेवया, कुरडया उजवीकडे. मंदाकिनी म्हणाली, एवढं मलाही ठाऊक आहे, वही कशाला? सिस्टिमचं महत्त्व बायकांना उशिरा कळतं.
तिचं म्हणणं, घरात गहूच आणू नये, सगळ्यांनीच भाकरी खावी. मी समजावलं. भाकरी मला जड पडते. शिवाय ऑफिसात डबा उघडायचा असतो. हेडक्लार्कच्या डब्यात भाकरी बघून शिपाई काय म्हणेल?

१४ जानेवारी. संक्रांत.
गूळपोळी झाली. कुंदा दाराच्या चौकटीला टेकून माझ्या ताटाकडे बघत होती. रडली नाही, मागितलं नाही. रडली असती तर परवडलं असतं. माझ्या काळजाचं पाणी झालं. मंदाकिनी हळदीकुंकवाला गेल्यावर एक कोपरा दिला. विचार केला तर गूळपोळीत पीठ असतं किती? मुख्य माल गूळ आणि तीळ. त्यातून सण. खाल्लंन् पोरीने मुकाट्याने. मला फार बरं वाटलं.
उद्यापासून कडक.

१६ जानेवारी
दोन दिवस पोट पुन्हा बिघडलेलं. कारण शोधलंच पाहिजे. संशय: चक्की.

१७ जानेवारी, सकाळी सहा.
हिंदुरावाच्या चक्कीवर पहिला नंबर माझा. आदल्या दिवशीचा गहू दगडांत अडकून राहतो आणि सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या पिठात उतरतो, हे गावात पोरासोरांना माहीत. म्हणून पहिलं कुणी लागत नाही. मी म्हटलं, आधी माझे शेरभर तांदूळ फिरव, ते टाकून दे, मग ज्वारी घाल. हिंदुराव म्हणाला, सायेब, ही चक्की हाय का द्येवघर? मागे रांग वाढली. मी हटलो नाही. शेवटी साखरबाई नावाची म्हातारी म्हणाली, लेकीसाठी करतोय बाबा, करू द्या की त्येला. इंजिन सुरू झालं. बापाने ठरवलं तर काय होत नाही!

२४ जानेवारी
मोठा शोध. वाण्याच्या तोंडून निघून गेलं की हिंगात मैदा मिसळतात. इतके दिवस रोज फोडणीत! हिंग उजवीकडे. आता कशाचा भरवसा धरावा? शेंगदाणे बंद, वाण्याकडे गव्हाच्या पोत्याशेजारी असतात. गूळ बंद, कोण जाणे कुठल्या हाताने फोडतात. दूधही बंद केलं. चौकशीत कळलं, आमच्या गवळ्याची म्हैस गव्हाचं भुसकट खाते.
मंदाकिनी म्हणाली, मग तिने खायचं काय, माझं डोकं? वहीत नोंद केली: घरातून सहकार्य नाही.

२ फेब्रुवारी, रविवार.
गुळाच्या अडतीवर वजन. मोठा काटा, चूक होणार नाही. साडेपंचवीस. उतरलं.
तात्याबा हमालाने तिला काट्यावर ठेवलं. एरवी त्याचं तोंड मिटत नाही. आज तिला खाली ठेवली आणि मला सायेबसुद्धा न म्हणता ढेपा उचलायला गेला.
संध्याकाळी कुंदा पायरीवर गप्प बसलेली. तिला काय हवं ते बापाला न सांगता कळतं. फुगलेल्या पोळीचा वरचा पापुद्रा अलगद सोडवून दिला. त्यात निव्वळ वाफ असते. वाफेला गहू म्हणता येणार नाही. तिने माझ्याकडे बघत खाल्ला आणि हसली. मीही हसलो. फार दिवसांनी.

९ फेब्रुवारी
स्वतःशी खोटं बोलायचं नाही, हा माझा नियम. म्हणून इथे आणि वहीतही लिहून ठेवतो, मी काय दिलं:
पापुद्रा. रोज एकच. (रविवारी दोन.)
बिस्किटं. कारखान्यात होतात. यंत्रातून निघालेल्या पिठात कस राहत नाही, हे सगळेच म्हणतात. कस नाही तर विषही नाही.
खपलीची खीर, दोनदा. डॉक्टर गहू म्हणाला. खपली म्हणाला नाही.
म्हणजे आक्षेपार्ह असं काहीच नाही. मग वजन का उतरतं? रंगूबाई भांडी घासते ती राख कुठल्या चुलीतली? उद्या विचारणे.

१० फेब्रुवारी
रंगूबाईला विचारलं. ती म्हणाली, साहेब, तुमास्नी झोप लागती का रातच्याला? नीट झोपा जरा. प्रश्नाला उत्तर दिलं नाही. संशय बळावला.

२० फेब्रुवारी
पंचवीस.
ऑफिसात फाइल शोधायच्या निमित्ताने रेकॉर्डरूममध्ये गेलो आणि दार लावून घेतलं. तिथे धूळ फार, डोळ्यांतून पाणी येतं. देवा, माझी नोकरी घे, माझे डोळे घे, माझ्या अंगावरचं मांस घे आणि तिच्या अंगावर चढव. डॉक्टर इंग्रजीत काय म्हणाला ते सारखं कानात वाजतं. चाळीस दिवस झाले, मी कुणाला सांगितलेलं नाही. अजून काय बंद करू? पाणी?
पाण्याचा विचार करण्यासारखा आहे. विहिरीवर बायका गहू धुतात.

५ मार्च. होळी.
लिहावंसं वाटत नाही. पण शिस्त म्हणजे शिस्त.
पुरणपोळी होती. मंदाकिनीने कुंदासाठी वेगळं पुरण काढून ठेवलं होतं, नुसतं, वाटीत. मी मागच्या अंगणात नेऊन तिला चतकोर पोळी दिली. सबंध गल्ली पोळी खात असताना एकट्या माझ्या लेकीने चमच्याने पुरण खायचं? अर्धा चतकोर तिने खाल्ला, अर्धा फ्रॉकच्या खिशात घातला. नंतरसाठी ठेवला असणार, गुणाची पोर. कपडे बदलताना मंदाकिनीला सापडला. तुपाचा डाग.
ओरडली असती तर मीही ओरडलो असतो. तिने शांतपणे विचारलं, कधीपासून? मी रकान्यांची वही काढली. सगळी नोंद आहे, तारीखवार, काही लपवलेलं नाही. तिने वाचली. उभ्याने वाचली, मग खाली बसली. मग म्हणाली, अहो, तुम्ही दूध बंद केलंत. म्हशीने भुसकट खाल्लं म्हणून पोरीचं दूध बंद केलंत. आणि वही चुलीत घातली.
एवढी मेहनत!

६ मार्च
मंदाकिनी कुंदाला घेऊन सकाळच्या एसटीने कळसला. तिचे दादा, दत्तोपंत, तिथे शाळामास्तर आहेत. हवापालट हवाच होता, मी सुचवणारच होतो. जाताना म्हणाली, बोलावल्याशिवाय येऊ नका. बरोबर आहे, मार्चअखेर, ऑफिसात काम फार.

२२ मार्च
दत्तोपंतांचं पत्र. हगवण थांबली. कुंदा बाजरीची भाकरी दुधात कुस्करून खाते. शेजारची धोंडाबाई स्वतः जात्यावर दळून देते. तिला सगळा रोग समजावून सांगितला तर म्हणाली, आवं मास्तर, आमच्यात गहू सणालाच, आमची समदी पोरं ह्याच्यावरच वाडली, ह्यात औशिद ते काय? वजन सत्तावीस.
सत्तावीस! तीनदा वाचलं. ऑफिसात पेढे वाटले. विचारलं त्याला सांगितलं, डाएट कडक ठेवलं की गुण येतो. माझी पद्धत उशिरा लागू पडली, एवढंच.

१३ एप्रिल, रविवार. कळस.
मंदाकिनीने अजून बोलावलं नव्हतं. राहवेना. सकाळच्या एसटीने आलो. इंदापूरला उतरून आधी खाणावळीत गेलो आणि अर्धी पोळी कागदात गुंडाळून घेतली. सव्वा महिना बिचारी आसुसली असेल. आता प्रकृती सुधारली आहे, एका घासाने काय होतंय?
कुंदा अंगणात धोंडाबाईच्या पोरींबरोबर खेळत होती. ओळखू आली नाही. गाल आले आहेत. पळते! माझ्या लेकीला मी पळताना प्रथमच बघितलं. मंदाकिनी पाणी आणायला आत गेली, तेवढ्यात पोरीला मांडीवर घेतलं आणि हळूच पुडी उघडली.
तिने पोळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. हळू आवाजात विचारलं, बाबा, आज नाही खाल्ली तर चालेल का?
मी म्हटलं, अगं, तुला आवडते ना?
नाही म्हणाली. पोटात दुखतं म्हणाली. आधीपासूनच दुखायचं. मग खायचीस कशाला, म्हटलं. तर म्हणाली, मी खाल्लं की तुम्ही हसायचात. एरवी तुम्ही रडायच्या तोंडाने बसता.
ती माझा चेहरा बघत राहिली. मग माझ्या गालाला हात लावून म्हणाली, बरं, अर्धीच खाते.
मी नको म्हटलं. तिने विचारलं, खरंच? मी म्हटलं, खरंच. रागावणार नाही ना? नाही. रडणार नाही ना?
नाही म्हटलं. तेवढ्यात मंदाकिनी पाणी घेऊन बाहेर आली.