वीतभर फट

भाईंदर पूर्व,
१२ नोव्हेंबर २००६

चि. सुरुचीस बाबांचे अ. उ. आ.

तुझा हुकूम पाळला. माझ्या दम्याला धूळ लागू नये म्हणून दारं-खिडक्यांच्या फटी बुजवल्या. हार्डवेअरवाल्याने आधी जाड फोमची पट्टी गळ्यात मारली. ती लावल्यावर दार काही केल्या बंद होईना. दुसऱ्या दिवशी खरवडून काढली, चौकट साबणाने पुसून कोरडी केली आणि पातळ रबराची चिकटवली. आता खालच्या रिक्षांचे हॉर्नही ऐकू येत नाहीत. माझे कान फोनवर दगा देतात हे खरं, पण ही करामत रबराची!

दाराखाली ब्रशची पट्टी ठोकली. फक्त वीतभर जागा मोकळी सोडलीय, रागावू नकोस. रोज नऊला वाचून झालेला पेपर मी तिथून बाहेर सरकवतो आणि समोरच्या हंसाबेन ओढून घेतात. मराठी वाचायला त्या ह्याच पेपरावर शिकल्या. पाच वर्षांचा रिवाज कसा मोडू?

जावईबापूंना आशीर्वाद. म्हाताऱ्यावर जीव आहे तसाच असू दे.

तुझा,
बाबा (दत्ताराम)

नागपूर,
१९ नोव्हेंबर २००६

ती. बाबांना सा. न. वि. वि.

पत्र वाचून कपाळावर हात मारला! गेल्या डिसेंबरात चार दिवस ऑक्सिजनवर होतात, विसरलात? धूळ काय हंसाबेनना विचारून आत येणार आहे? मला सातवा महिना, डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय, नाहीतर मीच येऊन ती फट बुजवली असती. बाळाला आजोबा म्हणून मी भिंतीवरचा फोटो दाखवायचा का? मला खरंच भीती वाटते, बाबा.

पेपर दार उघडून द्या. पत्र मिळेल त्याच दिवशी पट्टी पुरी करा. पराग म्हणतो, सासऱ्यांना हेडमास्तरीण मिळालीय.

माया कमी करू नका, फट मात्र नको.

तुमची,
सुरुची

भाईंदर पूर्व, दवाखान्यातून,
६ डिसेंबर २००६

चि. सुरुचीस अ. उ. आ.

पोरी, मी ठीक आहे. आता बसून वाच.

तुझं पत्र २५ तारखेला मिळालं. रविवारी जाऊन वीतभर पट्टी आणली. सोमवारी सकाळी सातला माळ्यावरचा खिळ्यांचा डबा काढायला स्टुलावर चढलो आणि दारापाशीच पडलो. मांडीचं हाड मोडलं. कडी वर, हात पोचेना. घसा फुटेस्तोवर ओरडलो. फटीतून जिन्यावर जाणाऱ्यांचे पाय दिसत होते, पण एकही पाय थांबला नाही. मीच लावलेल्या रबराने माझी हाक आत कोंडली होती. 

नऊला हंसाबेनच्या चपला फटीशी आल्या, तोवर माझा आवाज पुरता बसला होता. पेपर राहिला टेबलावर. खिशात तुझं पत्र होतं, तेच बाहेर सरकवलं. त्यांना वाटलं, दत्तारामभाईंचं डोकं फिरलं, पेपराऐवजी घरची चिठ्ठी देतायत. परत आत ढकलायला वाकल्या आणि त्यांना माझी बोटं दिसली. वॉचमन नाथाने दार तोडलं. ऑपरेशन नीट झालं.

तुझ्या अवस्थेत तुला कळवायचं नाही, अशी परागला शपथ घातली होती. त्याच्यावर चिडू नकोस. लोभ वाढव.

तुझा,
बाबा

नागपूर,
११ डिसेंबर २००६

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तीनदा वाचलं.  परागशी काल दिवसभर बोलले नाही, मग त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले.

बाबा, मी लिहिलं होतं, त्याच दिवशी बुजवा. पोस्टमनने ते पत्र दोन दिवस आधी आणलं असतं तर? तुम्ही माझं ऐकून फट बुजवली असतीत, त्यानंतर कधी असेच पडला असतात, आणि नऊ वाजता हंसाबेन बंद दारापुढे थोडं थांबून पेपर नाही म्हणून परत गेल्या असत्या. ह्यापुढे मला विचारच करवत नाही.

घराची एक चावी त्यांच्याकडे ठेवा. खिडक्यांचं रबर राहू दे, दाराखालची पट्टी सगळी काढून टाका. धुळीला ओलं फडकं लावू. माझं ते पत्र मात्र जपून ठेवा. बाळाला घेऊन आले की पहिल्या दिवशी पेपर मी सरकवणार आहे, आणि दाराशी तिथेच जमिनीवर बसून हंसाबेन येईपर्यंत थांबणार आहे.

माझे हुकूम आजपासून बंद. तुम्ही तेवढे राहा.

तुमची,
सुरुची